चोर सोडून संन्याशाला फाशी नको! गाडीचा पिवळा दिवा काय सांगतो?



आता गावोगावी दारात चारचाकी दिसू लागली आहे. कोणी कांद्याच्या पैशांतून जुनी गाडी घेतली, कोणी कर्ज काढून नवी घेतली. भाजी बाजारात न्यायची, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे, लेकीला माहेरी आणायचे, अशी सतरा कामे ती करते. गाडी एकदा दारात आली की घरच्या जनावरासारखीच होते. तिला काय दुखते आहे ते कळले नाही की सगळ्या घराचा जीव खालीवर होतो.

आणि मग एक दिवस समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी फाट्यावर उभी केली की धडधडते. नाहीतर पाय काढून घेतला तरी घों घों करीत राहते. नाहीतर वळणावर ब्रेक दाबावा आणि इंजिन गपकन बंद पडावे! गॅरेजात नेली तर यंत्र लावून पाहतात आणि सांगतात, "पी०५०५ आलाय. थ्रॉटल बॉडी गेली. बदलावी लागेल." नवा भाग येतो, हजारो रुपये जातात, आणि आठवडाभरात दिवा पुन्हा हजर होतो. हा पैसा वाया का गेला आणि तो कसा वाचवावा, हे आज समजून घेऊ. आजचा विषय पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरता आहे. डिझेल इंजिनात उभ्या गाडीचे फेरे मुख्यतः डिझेल कमीजास्त सोडून सांभाळतात, म्हणून पुढच्या तपासण्या डिझेल गाडीला जशाच्या तशा लावू नयेत.

आयडलिंग म्हणजे काय?

गाडी उभी आहे, गिअर मोकळा आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिन मंदपणे फिरत राहते. याला आयडलिंग म्हणतात. इंजिन तापलेले असताना बहुतेक पेट्रोल गाड्यांत मिनिटाला साधारण ६५० ते ९०० फेरे होतात. थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी चालू केली तर हेच फेरे १२००-१५०० पर्यंत चढतात आणि इंजिन तापत जाईल तसे आपोआप उतरतात. एसी लावला तरी थोडे चढतात. हे सगळे ठीक आहे. त्यात आजार काही नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिस्त्री कान देऊन, स्क्रू फिरवून हे फेरे बसवीत असे. आता ते काम गाडीतला संगणक करतो. गॅरेजात त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. पेट्रोल इंजिनाचे फेरे वाढवायचे म्हणजे मुख्यतः हवा वाढवायची. हवेच्या हिशेबाने पेट्रोल किती सोडायचे ते संगणक पाहतो. हवेच्या वाटेवर एक गोल चकती असते, ती थ्रॉटलची. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा ती उघडते.

पण पाय काढल्यावर चकती मिटली, मग इंजिन श्वास कसा घेणार? जुन्या, केबलच्या गाड्यांत चकतीच्या बगलेतून एक बारीक वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेवर विजेची एक छोटी झडप असते. तिला आयएसी व्हॉल्व्ह म्हणतात. नव्या गाड्यांत ही वेगळी झडप नसते. विजेची मोटर थ्रॉटलची चकतीच केसभर उघडी धरते. बाऱ्यावर उभा असलेला माणूस पाटाचे पाणी खोऱ्याने कमीजास्त करतो, तसेच हे काम आहे. फेरे उतरले की संगणक थोडी जास्त हवा सोडतो, चढले की थोडी आवळतो.

हा दिवा आला कोठून?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात गाड्यांच्या धुराने हवा इतकी बिघडली होती की कॅलिफोर्निया राज्याने धुराविरुद्ध कडक नियम केले. त्यातूनच असा विचार निघाला की गाडीने आपला दोष आपणच ओळखावा आणि दिवा लावून मालकाला सांगावा. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ही व्यवस्था एकाच पद्धतीची ठेवणे बंधनकारक झाले. तिला ओबीडी-२ म्हणतात. आपल्याकडे हे नियम २०१० पासून टप्प्याटप्प्याने आले, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले.

याचा फायदा आपल्याला असा, की कंपनी कोणतीही असो, मुख्य कोड एकाच पद्धतीचे असतात. स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा छिद्रांचा एक सॉकेट असतो. स्कॅनर तेथेच लावतात. साधा स्कॅनर आता फार महाग राहिलेला नाही. मोबाईलला जोडता येणारेही मिळतात. गावातल्या चारपाच गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी सर्वांचे काम भागते.

कोड कसा वाचावा?

पी०५०७ हा कोड घेऊ. पहिले अक्षर पी, म्हणजे दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचा. पुढचे शून्य म्हणजे हा सर्व कंपन्यांचा सामाईक कोड. तेथे १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या पुस्तकात पाहावा लागतो. नंतरचा ५ हा वेग आणि आयडलिंगच्या गटाचा. शेवटचे दोन आकडे त्या गटातली तक्रार सांगतात. आपल्याला वारंवार भेटणारे कोड असे:

पी०५०५: आयडलिंग सांभाळण्याच्या व्यवस्थेत बिघाड.

पी०५०६: फेरे अपेक्षेपेक्षा कमी.

पी०५०७: फेरे अपेक्षेपेक्षा जास्त.

पी०५०८, पी०५०९ आणि पी०५११: आयएसी झडपेच्या विजेच्या जोडणीतला दोष.

आता मुद्द्याची गोष्ट नीट ध्यानात घ्या. ०५०६ आणि ०५०७ हे कोड कोणताही भाग खराब झाला असे सांगत नाहीत. संगणक एवढेच म्हणतो, "मी अमुक फेरे मागितले, ते मला मिळाले नाहीत." गोठ्यातली गाय रवंथ करीत नाही, एवढे आपल्याला दिसते. पण तिचे पोट फुगले आहे, ताप आहे, की तिने काही भलतेच खाल्ले आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. रवंथ बंद म्हणून कोणी गाईचे दात काढीत नाही! पण गाडीच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. आयडलिंगचा कोड आला की आयडलिंगची झडप किंवा थ्रॉटल बदलतो. चोर सुटतो आणि संन्याशाला फाशी होते.

सर्वांत आधी काय करावे?

कोड कागदावर लिहून ठेवावा. एकटा आहे की सोबत आणखी कोड आहेत, तेही लिहावे. लगेच पुसू नये. बऱ्याच स्कॅनरमध्ये 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंद मिळते. दोष पकडला त्या क्षणी फेरे किती होते, इंजिन किती तापले होते, गाडी उभी होती की चालू, हे तिच्यात असते. पंचनाम्याचाच हा कागद समजा. कोड पुसला की पंचनामाही गेला.

सोबत दुसरे कोड असतील तर आधी त्यांच्याकडे वळावे. पी०३०० किंवा पी०३०१ ते ०३०४ असतील तर इंजिन मिसिंग करते आहे. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांची तपासणी आधी. एक सिलिंडर नीट जळत नसेल तर फेरे पडणारच. पी०५६२ असेल तर विजेचा दाब कमी आहे, म्हणून बॅटरी, अल्टरनेटर आणि तारांचे सांधे आधी. पी०११७ किंवा पी०११८ असेल तर इंजिनाचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या जोडणीत दोष आहे. त्या सेन्सरने गरम इंजिन थंड म्हणून सांगितले तर संगणकाचा हिशेब चुकणारच. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. तो ०५०७ बरोबर आला तर कोठून तरी चोरटी हवा आत जाते, असा पहिला संशय घ्यावा.

फेरे जास्त: चोरटी हवा शोधा

विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपाला सुईएवढे भोक पडले तर काय होते? पाणी बाहेर गळत नाही. मोटार हवा धरते. गाडीच्या इंजिनातही असेच आहे. थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला ओढ असते. तेथल्या रबरी नळीला चीर पडली, सांध्याचे पॅकिंग गेले किंवा नळीचे टोक निसटले, की बाहेरची हवा आत ओढली जाते. थ्रॉटल मिटलेला असला तरी हवा आतच! संगणक हवा आवळून आवळून थकतो, फेरे उतरत नाहीत, आणि तो पी०५०७ लिहून ठेवतो.

आपल्याकडे या बाबतीत एक मोठा गुन्हेगार आहे, तो म्हणजे उंदीर. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी चार दिवस उभी राहिली, की बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि नळ्या व तारा कुरतडतात. म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी. दिवसाच्या उजेडात, इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडावे. लेंड्या, कुरतडलेले रबर, सुटलेली क्लिप, एअर फिल्टरच्या डब्याचे उघडे झाकण, सारे पाहावे. प्रत्येक नळी वाकवून तिची खालची बाजूही पाहावी. चीर बहुतेक वेळा न दिसणाऱ्या बाजूलाच असते. ॲक्सिलरेटरची केबल फार ताणलेली नाही ना, पायाखालची चटई सरकून पेडलवर तर आली नाही ना, हेही बघावे. चटईपायी इंजिन उघडल्याचे ऐकून हसू येईल, पण असे होते.

दुसरी तपासणी कानांनी. गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर मोकळा ठेवावा आणि इंजिन चालू करावे. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. पदर, उपरणे, मफलर, ओढणी खोचून घ्यावी. पोरांना लांब ठेवावे. रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो, त्याच्याजवळ हात नेऊ नये. आता कान द्या. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा 'सुस्स' आवाज येत असेल तर वाट सापडली.

तिसरी तपासणी पाण्याची. फुलझाडांवर मारतात त्या छोट्या फवाऱ्यात साधे पाणी घ्यावे आणि संशय असेल त्या सांध्यावर बारीक फवारा मारावा. कीटकनाशकाचा पंप या कामाला घेऊ नये. फेरे क्षणभर बदलले तर तेथे फट आहे. प्लग, कॉइल, फ्यूजचा डबा आणि तारांच्या जोडण्यांवर पाणी उडू देऊ नये. काही जण पाण्याऐवजी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारून पाहतात. तापलेल्या इंजिनावर हा खेळ करू नये. एका ठिणगीत गाडी आणि माणूस दोन्ही जातील.

चौथी तपासणी चिमटीची. मऊ रबरी नळी पकडीला फडके गुंडाळून हलकेच दाबावी. जुनी, कडक झालेली नळी दाबू नये, ती तडकेल. एखादी नळी दाबताच चढलेले फेरे एकदम खाली आले, तर दोष त्या नळीत किंवा ती जेथे जाते तेथे आहे. यात एका नळीकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी जाड नळी. ती दाबल्यावर फेरे उतरले, किंवा ब्रेक दाबताना पायाशी हवेचा आवाज येतो, किंवा ब्रेक नेहमीपेक्षा कडक लागतो, तर प्रश्न आयडलिंगचा राहिला नाही, ब्रेकचा झाला. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. मिस्त्रीला घरी बोलवावे.

यातून काही सापडले नाही तर पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहावा. इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा इंजिनाकडे नेणारी ही छोटी झडप आहे. ती उघडीच अडकली तरी फेरे चढतात. पुष्कळ गाड्यांत ती काढून हलवली की खुळखुळते. खुळखुळत नसेल तर ती चिकटल्याचा संशय घ्यावा.

फेरे कमी: काजळी आणि ओझे

पी०५०६ आला तर उलटा विचार करावा. एकतर हवा येण्याची वाट अरुंद झाली आहे, नाहीतर इंजिनावर ओझे जास्त पडते आहे, नाहीतर इंजिन नीट जळत नाही.

वाट अरुंद होते ती काजळीने. थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला आणि आयएसी झडपेच्या वाटेत काळा चिकट थर बसतो. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वेळेवर पाहिला नाही तर घाण आणखी वाढते. हा थर साफ करणे हेच पुष्कळदा पूर्ण औषध असते. इंजिन थंड, चावी काढलेली, गाडी मोकळ्या हवेत. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसावे. ते द्रव्य पेट घेणारे असते, म्हणून विडी-काडी दूर ठेवावी. विजेवर चालणारी चकती बोटाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने जोर लावून ढकलू नये. आतले दाते मोडले तर मात्र नवा भाग खरोखरच घ्यावा लागेल.

येथे एक गंमत सांगतो. साफसफाई केल्यावर पुष्कळदा फेरे एकदम चढतात आणि ०५०६ जाऊन ०५०७ येतो! माणूस घाबरतो आणि भाग बदलायला निघतो. कारण अगदी साधे आहे. काजळी साचत गेली तसा संगणक चकती थोडी थोडी जास्त उघडायला शिकला होता. आता काजळी गेली, पण त्याची सवय गेली नाही. त्याला नवे माप शिकवावे लागते. काही गाड्या थोड्या चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना स्कॅनरवरून 'आयडल लर्निंग' द्यावे लागते. आपल्या गाडीची रीत पुस्तकात पाहावी किंवा गॅरेजात विचारावी. बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याची युक्ती याच कारणाने महाग पडते. कोडबरोबर पुष्कळ गाड्यांची शिकलेली मापेही पुसली जातात.

ओझे तपासायला एसी, मोठे दिवे, पंखा एकेक करून लावून पाहावे. एसी लावताच इंजिन बंद पडायला आले तर त्या बाजूला लक्ष द्यावे. बॅटरीचा दाब साध्या मीटरने मोजता येतो. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करण्याआधी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट असावेत, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या आसपास.

स्कॅनरवरचे दोन आकडे

घरात शिकलेली मुले-मुली असतील तर त्यांना हे काम सांगावे. कोड वाचण्यापलीकडे स्कॅनर चालू इंजिनाचे आकडेही दाखवतो. त्यात 'फ्युएल ट्रिम' नावाचे आकडे टक्क्यांत असतात. संगणक ठरल्यापेक्षा किती पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतो आहे, ते यातून कळते. शॉर्ट आणि लाँग अशा दोन ट्रिम असतात, त्यांची बेरीज पाहावी. अधिक किंवा उणे दहाच्या आत असेल तर सहसा ठीक.

समजा, एका गाडीला पी०५०७ आणि पी०१७१ असे दोन्ही कोड आहेत. इंजिन तापवून, उभ्या गाडीत बेरीज पाहिली तर ती अधिक २२. आता ॲक्सिलरेटर थोडा दाबून फेरे २५०० वर धरले, तर बेरीज अधिक ४ वर आली. याचा अर्थ काय? फट तेवढीच आहे. पण इंजिन मंद असताना थोडी हवा घेते, त्यात ही चोरटी हवा मोठी ठरते. वेगात ते पुष्कळ हवा घेते, त्यात ती नगण्य होते. म्हणजे चोरटी हवा नक्की! अशा गाडीला वीतभर रबरी नळी बसवून आजार जाईल. नवी थ्रॉटल बॉडी घातली तर पैसे जातील आणि आजार राहील. याउलट २५०० फेऱ्यांवर बेरीज तशीच राहिली किंवा आणखी वाढली, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर यांच्याकडे वळावे. काही गाड्यांत हवेऐवजी आतल्या ओढीचा दाब मोजून हिशेब करतात. त्यांत फट असूनही ट्रिम फारशी हलत नाही, फक्त फेरे चढतात. तेथे नळ्यांची तपासणी हाच खरा मार्ग.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक सोपी पारख आहे. एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर उभी चालवून पाहावी. दोन्हींवर दोष दिसला तर हवा, काजळी किंवा प्लग यांत शोधावे. फक्त गॅसवरच दिसला तर दोष गॅसच्या बाजूचा आहे. गॅसच्या नळ्या, रेग्युलेटर यांना घरी हात लावू नये. ते जाणत्या अधिकृत माणसाचे काम आहे. गॅसचा वास आला तर इंजिन बंद करावे, सगळ्यांना खाली उतरवावे आणि गाडीपासून लांब उभे राहावे.

दिवा दिसूनही गाडी चालवावी का?

दिवा स्थिर पिवळा असेल आणि गाडी बंद पडत नसेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करते आहे असे समजावे. वेग कमी करून बाजूला थांबावे, नाहीतर धुराच्या नळीतला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल.

पण ज्या गाडीचे इंजिन ब्रेक दाबताना किंवा वळताना बंद पडते, ती गाडी कामाची घाई असली तरी बाहेर काढू नये. गावच्या फाट्यावरून हमरस्त्यावर चढताना मधोमध इंजिन बंद पडले आणि समोरून ट्रक आला, तर पुढचे बोलायला नको. गाडीत लेकरेबाळे असतात. घरात प्रत्येक चालवणाऱ्याने एवढे पाठ करून ठेवावे: इंजिन बंद पडले तरी बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरती ओढ शिल्लक असते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून ती संपवू नये. एकदाच जोराने दाबून धरावा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. गाडी चालती असताना चावी मात्र काढू नये, काढली तर स्टिअरिंगला कुलूप बसू शकते. आणि घाटाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडावी.

गॅरेजात काय विचारावे?

चांगला मिस्त्री प्रश्नांनी रागावत नाही. त्याला सरळ विचारावे, "दादा, कोड कोणता आला? सोबत दुसरा होता का? हाच भाग खराब आहे हे कशावरून पाहिलं? नळ्या तपासल्या का? आधी साफ करून बघायचं का?" भाग बदललाच तर जुना भाग परत मागून घ्यावा. कोड पुसून दिवा घालवला आणि गाडी बरी झाली, असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. सकाळी थंड इंजिनावर, दुपारी तापलेल्या इंजिनावर, एसी लावून आणि न लावता चारपाच दिवस गाडी फिरवावी. मग स्कॅनर पुन्हा लावावा. तोच कोड आला नाही तरच आजार गेला.

आणि कधी कधी झडप किंवा थ्रॉटल खरोखरच खराब असतो. पी०५०८, ०५०९ किंवा ०५११ आला, तारा आणि जोडण्या तपासल्या, वीज पोहोचते आहे, साफसफाई झाली, तरी झडप हलत नाही, तर ती बदलावी. तेव्हा पैसे खर्च करताना हात आखडू नये. आधी तपासणी आणि मग खर्च, एवढा क्रम सांभाळला म्हणजे झाले.

या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा मिनिटे काढा. बॉनेट उघडून प्रत्येक नळीवरून हात फिरवा, एअर फिल्टर झटका, उंदराच्या खुणा बघा. घरातल्या मुलांना शेजारी उभे करून दाखवा. गाडीजवळचा कडबा, पोती आणि सांडलेले धान्य हलवा. दिवा लागण्याआधीच अर्धे आजार तेथेच सापडतील, आणि गॅरेजात जाणारा पैसा खतबियाण्याला उपयोगी पडेल.